रॅम्बोला मुलगा असतो तर

रविवार, रात्री उशिरा

'सन ऑफ रॅम्बो' आज पुन्हा पाहिला. गार्थ जेनिंग्जचा, २००७ सालचा. मागच्या वेळी नुसता हसत होतो. आज मध्येच गळा दाटून आला.

१९८०च्या दशकातलं इंग्लंड. विल प्राउडफूट या पोराचं घर प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती पंथाचं, कडक. टीव्ही नाही, सिनेमा नाही. वर्गात माहितीपट लावला की हा बिचारा बाहेर व्हरांड्यात. तिथंच ली कार्टर भेटतो, शाळेतला सगळ्यात वांड पोरगा. लीकडे व्हिडिओ कॅमेरा आहे, आणि थिएटरात बसून चोरून टिपलेला 'फर्स्ट ब्लड', म्हणजे रॅम्बोचा पहिला सिनेमा. विलनं जन्मात पाहिलेला पहिला सिनेमा हा! मग तो शेतांतून जो धावत सुटतो, त्या धावण्यासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा पाहीन.

दोघं मिळून मुलांच्या एका स्पर्धेसाठी फिल्म काढायला घेतात. झाडावरून उड्या काय, उडणारा कुत्रा काय, हसून हसून पोट दुखतं. पण मूळ 'फर्स्ट ब्लड'मध्ये रॅम्बोला मुलगा नाहीच. तो विलनं आणलाय. विलचे वडील वारलेत, आणि त्याच्या गोष्टीतला मुलगा कैदेतल्या बापाला सोडवायला निघालाय. कुणी त्याला हे शिकवलेलं नाही, सिनेमाही कुठं मुद्दाम बोलून दाखवत नाही. मला हे मागच्या वेळी कसं दिसलं नाही? विल झालेला बिल मिल्नर आणि ली झालेला विल पोल्टर, दोघांचाही हा पहिलाच सिनेमा, आणि कॅमेऱ्यासमोर किती मोकळे!

लीचं दुखणं वेगळं. आई परदेशी, आणि ज्याची चाकरी तो दिवसभर करतो तो थोरला भाऊ लॉरेन्स त्याला मोजत नाही. तरी लॉरेन्सबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला लीला खपत नाही. शेवटी लीची फिल्म मोठ्या पडद्यावर लागते आणि तिच्यात अचानक लॉरेन्सचा चेहरा येतो, तेव्हा लीकडे बघवत नाही.

मला आमची अंधारी खोली आठवली. टॉकीजमागे सापडलेले फिल्मचे तुकडे, फ्यूज गेलेल्या बल्बात पाणी भरून केलेलं भिंग, भिंतीवर आजोबांचं धोतर. फिल्म उलटी धरायची, म्हणजे हिरो सुलटा दिसायचा. अंगणात उन्हात आरसा घेऊन दादा उभा असायचा, कवडसा आत पाडायला. मी आत, चित्रं बघत. हे सगळे उन्हाळे त्याला एकदाही आत बोलावल्याचं मला आठवत नाही.

साडेदहाला दादाला फोन लावला. विचारलं, तुला बाहेरून काय दिसायचं रे?

"दिसायचं काही नाही. तू आतून ओरडायचास, दादा, हलवू नको!"