प्लॉट नंबर ५२

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता नागपुरात जो बेल वाजवतो त्याच्यावर चिडायचं नाही, हा माझा नियम आहे. तो उन्हात, आपण कूलरसमोर. बोलायला तोंडच राहत नाही. परवा बेल वाजली तशी अर्धवट झोपेतच उठले, पार्सल घेतलं, मुलाला माठातलं पाणी दिलं. तोंडाभोवतीचा दुपट्टा सोडून तो दोन ग्लास प्यायला, पुन्हा बांधला आणि गेला. नवीन होता. आधी एक वेगळा मुलगा यायचा. फाटकाबाहेरूनच “काकूऽऽ, पार्सऽऽल” अशी भाजीवाल्याच्या चालीत हाळी द्यायचा. आमच्या दाराला बेल आहे हे त्याला बहुधा कधी कळलंच नाही.

पार्सल टेबलावर ठेवून पुन्हा आडवी झाले. संध्याकाळी चहा घेताना पाहते तर आडनाव आमचं, प्लॉट नंबर ५२ आमचा, गजानन नगर आमचं, पिनकोडही आमचा. बाई मात्र भलतीच.

हलवून पाहिलं. (नाक मुरडू नका. हाती आलेलं पार्सल हलवून न पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.) आत काहीतरी टणक इकडून तिकडे सरकत होतं. काच नाही, पुस्तक नाही, खायचं तर नक्कीच नाही. खायची पार्सलं मला वासावरून कळतात. त्याला कारण आहे, येतेच तिकडे.

शेगावच्या महाराजांवर विदर्भाचा जीव, आणि नागपूरच्या भोवती शेतं भरपूर. ज्याने ज्याने शेत मोडून ले-आऊट टाकला, त्याला नाव सुचायला फार वेळ लागला नाही. शिवाय प्रत्येक ले-आऊट आपापला एकपासून मोजणार. त्यामुळे या शहरात ५२ नंबरचे प्लॉट किती, ते महाराजच जाणोत. बरं, ५२ च्या शेजारी ५३ असेल अशीही आशा धरू नये. आमच्या एका अंगाला ५१ आहे, दुसऱ्या अंगाला ३८, समोर ९७. “तुम्ही ५७२ मधले की १९०० मधले?” असं इथे कुणी विचारलं, तर परगावचा पाहुणा त्याला घराचा नंबर समजतो. खरं तर ते अनधिकृत ले-आऊटांच्या याद्यांचे आकडे, एका यादीत ५७२ ले-आऊट, दुसरीत १९००. सुधार प्रन्यासात, म्हणजे ले-आऊट मंजूर करणाऱ्या कचेरीत, हेलपाटे घातलेल्या माणसाला ते स्वतःच्या जन्मतारखेइतके पाठ असतात.

म्हणून आम्ही नंबर सांगतच नाही, खुणा सांगतो. पाण्याच्या टाकीमागे. पिठाच्या गिरणीसमोर. छत्रपती चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०१६ मध्ये पाडला, तरी “छत्रपतीच्या पुलाखालून वळा” म्हणणारे आमच्याकडे अजून आहेत, आणि त्यात काय चुकलं हे त्यांना समजावता येत नाही. मीही आता नाद सोडला आहे.

पिनकोड असल्याच घोळांसाठी काढलेला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशात सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सारख्या नावांची गावं, दहा लिप्यांतली अक्षरं, यातून पत्र सुखरूप जावं म्हणून सहा आकडे. पहिल्या ४ ने आपल्या बाजूला वळायचं, ४४० ला नागपुरात उतरायचं, उरलेल्या तिघांनी पोस्टात पोचायचं. पोस्टात, घरात नाही. पुढचं काम पोस्टमनचं, आणि त्याला आकडे लागत नव्हते. एकाच पोस्टाच्या हद्दीत दोन गजानन नगरं निघतील, दोन्हीकडे ५२ नंबर असेल आणि दोन्हीकडे एकच आडनाव राहायला येईल, हे कालिदास वाचणाऱ्या माणसाने कुठवर धरावं? आता टपाल खात्याने डिजिपिन आणला आहे. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, एवढ्या चौकोनाला दहा अक्षरं. आमच्या घराला असे बरेच चौकोन येतील. त्यातला माझा म्हणून मी कूलरवाला सांगणार.

महालातल्या आमच्या वाड्याला मात्र पत्ता म्हणून काही नव्हताच. आजोबांचं नाव, खाली ‘महाल, नागपूर’, बस. एवढ्यावर कार्डं यायची. पोस्टमनकाका पत्र आत टाकत नसत, ओसरीवर बसून देत. वर, “अमरावतीची तब्येत बरी आहे, वाचलं मी,” असंही सांगत. कार्डच ते, वाचायला काय हरकत?

तेच पोस्टमनकाका एका उन्हाळ्यात रजेवर गेले आणि बदलीवाल्याने शेजारच्या वाड्याचं पार्सल आमच्याकडे टाकलं. मांजरपाटात शिवलेलं, टाक्यांवर लाखेचे लाल ठिपके, पत्ता जांभळ्या शाईच्या पेन्सिलीने लिहिलेला, थुंकी लावलेली जागा जास्त गडद. शेजारी गावाला गेलेले. पार्सल आमच्या ताब्यात राहिलं, आणि त्याला वास येत होता. फणसपोळीचा. आम्ही तोवर ती एकदाच खाल्ली होती, तरी चौघांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी मुंग्यांचंही झालं. मग आजीने परातीत पाणी घातलं, मध्ये पाट उपडा ठेवला आणि त्यावर ते पार्सल विराजमान केलं. आम्ही पोरं परातीभोवती बसून असायचो. पाणी आटलं की भरायचं, हे काम आम्ही भांडून घेतलं होतं. भरताना नाक जरा जवळ नेता येई. एकदा भावाने शिवणीत बोट घालून पाहिलं तर आजीने उलथन्याने असा फटका दिला की तो दिवसभर डाव्या हाताने जेवला.

सहाव्या दिवशी शेजारी आले. आजी स्वतः नेऊन देऊन आली. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग दुसऱ्या दिवसापर्यंत, मग शाळा सुरू झाली. एक तुकडा आला नाही. “आपण सहा दिवस सांभाळलं!” मी रडकुंडीला येऊन म्हणाले. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, “मंग? पत्ता त्याइचाच होता न.”

त्या शेजाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

तर परवाचं पार्सल. आधी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. “ऑर्डर तुमची आहे का मॅम?” नाही. “मग तक्रार घेता येत नाही मॅम.” अहो, तक्रार नाही, परत न्या एवढंच. “परत करण्यासाठी ऑर्डर तुमची असावी लागते मॅम.” मुलगी गोड बोलत होती, तिचा इलाज नव्हता. ऊन उतरल्यावर स्कार्फ बांधला, गाडी काढली.

कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारलं. “कोनतं गजानन नगर? हे का ते?” ते. “मंग सरळ जा न. मंदिर लागते, तिथून लेफ्ट मारा, मंग कोनालेही विचारा.” कोणालाही विचारत विचारत तिथल्या ५२ ला पोचले. तुळशीला पाणी घालत एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. पार्सल पाहिलं आणि त्यांनी ते माझ्या हातातून जवळपास ओढूनच घेतलं. तिथेच पायरीवर बसून सुरीने फोडलं. कूलरचा पंप!

“चार दिवस झाले, नुसता पंखा सुकाच फिरून राह्यला. चौकात भेटते हो हा, पर पोरगा म्हन्ते, तू उन्हात जाऊ नको, मी पुण्यावरून पाठवतो.” मग माझ्याकडे नीट पाहिलं. “म्हंजे तुमी त्या ५२ च्या का? थांबा बाप्पा.”

आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या एक खोकं पुसत. “हे तुमचंच दिस्ते. संक्रांतीच्या टायमाले आलं. सूनबाई म्हने नेऊन देते, नेऊन देते, राहूनच गेलं. आमी उघडलं नाही हो.”

हातात घेतल्याबरोबर कळलं. बिडाचं आप्पेपात्र. त्याला हलवून पाहायची गरजच नव्हती.

जानेवारीत मी ते मागवलं होतं. ‘पोचवले’ असा निरोप आला आणि घरात काही नाही. तेव्हाही फोन केला होता मी. ऑर्डर माझी असल्यामुळे तक्रार घेतली गेली होती. “शेजारी दिलं असेल का मॅम?” नाही. “घरात कुणी घेतलं असेल?” नाही. मग मीच म्हणाले होते, तुमच्या मुलाने परस्पर ठेवून घेतलं असेल, हल्ली काय सांगावं. असं, सहज. दोन दिवसांत पैसे परत आले. मी खूश झाले आणि चौकातल्या भांड्यांच्या दुकानातून दुसरं आप्पेपात्र आणलं.

त्या बाईंनी सरबत दिलं, ते प्यायले. वाळ्याचं होतं.

काल तो नवा मुलगा पुन्हा आला. शेजारच्यांचं पार्सल घेऊन. पत्ता बरोबर होता, ते घरी नव्हते. पाणी देताना विचारलं, आधी एक मुलगा यायचा, ओरडायचा बघ, तो कुठे असतो आता?

“तो का? त्याची आयडी बंद झाली न, काकू. लई दिवस झाले.”

“कशामुळे?”

“काय माहीत. कंप्लेंट आली असन.” त्याने पाठीवरची बाटली पुढे केली. “हे भरून द्या ना.”

बाटली भरून दिली. खोकं फ्रिजवर आहे, अजून तसंच, टेप न काढलेलं.