कारणाचा रकाना

बुधवार, दुपारचे साडेतीन. झोप येत नाही.

सकाळी हँडओव्हर देऊन निघताना इन्चार्ज सिस्टरांनी कागद हातात दिला. "पुढच्या महिन्यापासून ड्युट्या नव्याने लावायच्यात. तुला काय हवंय ते भरून शनिवारपर्यंत दे." एवढंच. तीन चौकोन: सकाळ 7 ते 2, दुपार 2 ते 9, रात्र 9 ते 7. एकावर खूण करायची. खाली रकाना, कारण.

चार वर्षं त्या रकान्यात मी एकच लिहीत आले, 'घरची अडचण'. दिवसा आईंजवळ कुणीतरी हवं, रात्री हे असायचे. कधी विचार करावा लागला नाही. आज बसमध्ये पेन काढलं, 'घर' एवढं लिहिलं आणि हात थांबला. आईंना जाऊन सहा महिने होतील. घरी अडचण उरलेलीच नाही.

मग जे रडू आलं ते धायरी फाट्यापर्यंत. खिडकीकडे तोंड करून बसले. आईंच्या आठवणीचं म्हणावं तर ते होतंच, पण रागही होता. इतकी वर्षं तुला काय हवंय असं कुणी विचारलं नाही, आणि आज विचारलं तर मला सांगता येत नाही. आधी होस्टेल, मग पिल्लूची शाळा, मग आई. जिथे माणूस कमी तिथे मी उभी राहिले. माझी म्हणून एखादी वेळ असते हे विसरूनच गेले होते.

जेवणाच्या सुट्टीत ह्यांचा फोन आला तेव्हा सांगितलं. "त्यात विचार कसला? सकाळ घे. रात्रीची झोप तरी मिळेल." खरं आहे त्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 साली रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं, 2019 साली पुन्हा तपासून तेच सांगितलं. ती बातमी ह्यांनीच वाचून दाखवली होती. आणि बातमी कशाला, माझं अंगच सांगतं. पहाटे चारच्या सुमाराला शरीर सगळ्यात थंड पडतं, तेव्हा मे महिन्यातसुद्धा मी स्वेटर घालते. वजनाचं, पाळीचं आज नको लिहायला.

सकाळपाळी मी बदलीवर केलेली आहे. सातला पाय टाकला की स्पंज, डायपर, नाश्त्याआधीचं इन्सुलिन, नळीची फीड, डॉक्टरांचा राउंड, मध्येच नातेवाइकांचे फोन. अकरापर्यंत कुणाच्या तोंडाकडे नीट बघणं होत नाही. दुपारपाळी कुणालाच नको असते. ऊन उतरलं की डिमेन्शियाच्या आज्या बेचैन व्हायला लागतात. दिवेलागणीला एक आजी पिशवीत साडी आणि कंगवा घालून दाराशी येतात, "मुलं शाळेतून आली असतील, मला सोडा." हेच तुमचं घर असं समजावलं की जास्त घाबरतात. मी आपली त्यांच्या शेजारी उभी राहते, बस येईपर्यंत चहा घेऊ म्हणते, मग त्या हळूहळू आत वळतात. मला जमतं ते. पण पिल्लूची संध्याकाळ जाईल. दुपारपाळी नको.

राहिली रात्र. तिथे असं काय आहे, म्हणून मघापासून स्वतःलाच विचारतेय.

सहा नंबरचे काका आहेत. पॅरालिसिस, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पहाटे चारला मावशी पलीकडून, मी अलीकडून. "काका, आता खिडकीकडे वळायचं हं," असं सांगायचं आणि मगच खालची चादर धरून वळवायचं. पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटरीखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. मग माकडहाडावरून हात फिरवायचा. गोऱ्या कातडीवर लाली दिसते, काकांची कातडी सावळी, तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. बोटांनाच कळतं. आजूबाजूपेक्षा गरम लागतं, किंवा घट्ट, किंवा लिबलिबीत. तसं लागलं की त्या बाजूवर पुन्हा झोपवायचं नाही. सकाळी एवढी पाच मिनिटं कुणाकडे नसतात, रात्री असतात. नऊ महिन्यांत काकांना एक जखम नाही. त्यांची मुलगी रविवारी दुपारी येते, तेव्हा मी घरी झोपलेली असते. मागच्या वेळी पेढे घेऊन आली होती. आपल्याला मिळाले नाहीत याचं वाईट वाटलं, हे आज कबूल करते.

आणि आईंच्या डाव्या टाचेला झाली होती.

बसमध्ये हेच होतं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. दुपारी दोन ते चार मी झोपायचे, गजर लावून. कधी गजर ऐकूच यायचा नाही. तिकडे काकांच्या टाचा अधांतरी आणि इकडे आईंची. रात्री साडेआठला डबा घेऊन दार ओढलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. 'घरची अडचण' खोटी नव्हती, पण मला रात्र हवी होती, हेही तेव्हापासूनच होतं. मी ते कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आईंना टाळते आहे असं वाटलं असतं, मला स्वतःलाच.

मघाशी आईंच्या खोलीत जाऊन बसले. गादी कधीच परत केली, नुसता पलंग आहे. बसल्या बसल्या एक सुचलं. हीच गोष्ट एखाद्या पेशंटच्या सुनेने मला सांगितली असती तर मी काय म्हटलं असतं? हात धरून म्हटलं असतं, बाई गं, रात्रभर जागलेलं माणूस दुपारी झोपणारच. आणि ते मनापासून म्हटलं असतं. ती जखम तीन आठवड्यांत भरून आली होती. ड्रेसिंग मीच करायची, आणि आई दर वेळी विचारायच्या, "तू जेवलीस का?"

ते सगळं आज लिहवत नाही.

रात्रीच्या चौकोनात खूण केली आहे. ह्यांना संध्याकाळी सांगेन. सलग चारच रात्री आणि मग दोन ऑफ, एवढं मात्र इन्चार्ज सिस्टरांकडे मागणार आहे, या वेळी तोंड उघडून. आणि चारच्या राउंडला आधी स्वेटर, मग बाकीचं. कारणाच्या रकान्यातलं 'घर' खोडलं, शेजारी लिहिलं, 'मला रात्रपाळी आवडते.' अक्षर बसच्या हादऱ्यांपेक्षा बरं आलंय.

पाच वाजता पिल्लू येईल. कणीक मळून ठेवते.