ड्रम निघेना! गाड्यांचे शो बघून ब्रेक उघडायला बसलो त्याचा अनुभव

टीव्हीवर मागच्या ब्रेकचं काम 4 मिनिटांत होतं. मला एका चाकाला 7 दिवस लागले आणि त्यातले साडेसहा दिवस फक्त एक गोष्ट होत नव्हती, ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल लोखंडी झाकण) निघत नव्हता. बाकी सगळं झालं, ते आठवेल तसं सांगतो, पण लिहायला बसलोय ते त्या ड्रमच्या रागावर, आणि खरं सांगायचं तर ड्रमपेक्षा त्या शोंवरच जास्त राग आहे.

गाडी 2008 ची, पेट्रोल हॅचबॅक. 2023 ला 15 वर्षं पूर्ण होत होती म्हणजे रिपासिंग आलं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढे 5-5 वर्षांनी वाढवून घ्यायचं, फॉर्म 25 भरून, मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत. फी आधी 600 होती ती एप्रिल 2022 पासून 5000 झाली, पोट तिथूनच दुखायला लागलं होतं. त्यात हँडब्रेक एकदम ढिला, पुलाच्या चढावर ट्रॅफिकमधे गाडी मागे सरकायची आणि मागचा रिक्षावाला आईबहीण काढायचा. गॅरेजवाला म्हणाला मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) गेलेत, दोन्ही बाजू खोलाव्या लागतील. मी म्हटलं हे तर मीच करतो. 15 वर्षं काय फुकट टीव्ही बघितलाय का?

म्हणजे खरंच बघितलाय. व्हीलर डीलर्स, जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करून विकायचा ब्रिटिश शो, त्याचे जुने भाग तर कितीदा. माइक ब्रूअर गाडी घेऊन यायचा, घासाघीस करायचा, आणि मग एड चायना, तो उंच माणूस नारिंगी हातमोजे घालून शांतपणे एकेक पार्ट काढून दाखवायचा. बीबीसीचं टॉप गिअरपण बघायचो पण तिथे कोणी काही शिकवतोय असा आव तरी नव्हता. ते मुळात 1977 ला बर्मिंगहॅममधून सुरू झालं तेव्हा साधं माहितीचं मासिकछाप प्रकरण होतं, नवीन गाडी कशी आहे, रस्ता सुरक्षा वगैरे, 2002 ला जेरेमी क्लार्कसन या निवेदकाला परत आणून नव्याने मांडलं तेव्हा त्याची जत्रा झाली. जत्रा म्हणून मस्तच. त्या लाल हायलक्स पिकअपला समुद्रात बुडवतात, इमारतीच्या डोक्यावर ठेवून इमारत पाडतात, तरी ती चालू होते, तो भाग मी मुलाला 3 वेळा दाखवलाय. पण आता विचार करा, खाऱ्या पाण्यातून निघालेलं इंजिन एक मेकॅनिक नवे पार्ट न घालता साध्या हत्यारांनी चालू करतो, आणि तो नेमकं काय करतोय हेच आपल्याला धड बघायला मिळत नाही! मला तेच बघायचं होतं ना राव.

असो. तर एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधे (मुलुंड, स्टिल्टखाली, उजेड यथातथाच) बसलो. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली, खाली घोडी (उचललेली गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावली. घोडी लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या जॅकवर काम करणारे पोरगे बघितलेत आणि अंगावर काटा येतो. चाक काढलं. समोर गंजलेला लोखंडी टोप उपडा घातल्यासारखा ड्रम. टीव्हीवर पुढची पायरी काय? "आता ड्रम काढू", आणि पुढच्या शॉटमधे ड्रम हातात.

मी ओढला. हलेना. दोन्ही हातांनी डावीकडे उजवीकडे हलवत ओढला. हलेना. हातोडी घेतली, खाली लाकडाचा तुकडा धरून ठोकलं, वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. गंज सुटायचा स्प्रे मारला, चहा पिऊन आलो, परत ठोकलं. तासभर गेला. मुलगा गाडीत बसून खेळत होता, तो म्हणाला, "बाबा, हा दांडा वर असूदे की खाली?"

हँडब्रेक ओढलेला होता. गाडी उभी केली की हात आपोआप ओढतो ना, तसा ओढला होता, आणि ड्रमवाल्या गाडीत हँडब्रेक म्हणजे केबलने तेच लायनर आतून ड्रमला दाबून धरलेले असतात. म्हणजे मी तासभर स्वतःशीच रस्सीखेच खेळत होतो. हे कुठल्याही शोमधे सांगत नाहीत कारण त्यांची चूक झाली तरी ती कापून टाकतात. बायकोला सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

हँडब्रेक खाली केला. तरी हलेना!

इथून खरं प्रकरण सुरू झालं. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी हँडब्रेक लावून 10-15 दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला आतून गंजाने चिकटतात, सकाळी गाडी काढताना खाडकन आवाज येतो तो हाच. त्यावर ड्रम मधल्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजून बसलेला. आणि तिसरी गोष्ट मला तेव्हा माहीतच नव्हती, ड्रम आतून झिजतो पण अगदी कडेला झिजत नाही, तिथे एक धार उरते आणि ड्रम बाहेर येताना लायनर त्या धारेत अडकतात. म्हणजे एकाच जागी 3 कुलपं. मी हातोडी मारतोय पहिल्या कुलपावर, अडकलंय तिसऱ्यावर.

दुपारी सेक्रेटरी काका आले. "किती वेळ चालणारे? गाडी अशी टांगून नाही ठेवता येणार हां." मी म्हटलं, काका, संध्याकाळपर्यंत होतंय. काकांनी घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेले. तो न बोलण्याचा आवाज मला आठ दिवस येत होता.

संध्याकाळी हरलो. सोमवारी ऑफिस सुटल्यावर कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, जुन्या पार्टांची दुकानं आहेत तिथे. एका दुकानाबाहेर एक चाचा स्टुलावर बसून बेअरिंग पुसत होते. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला आणि ड्रमच्या तोंडावर बोट ठेवलं, "ये दो छेद किसलिए हैं, मालूम?"

चाकाच्या स्टडच्या (चाक ज्यांवर अडकवतात त्या खुंट्या) मधे दोन बारीक भोकं. मी ती दिवसभर बघितली होती, त्यात स्प्रेसुद्धा मारला होता, डोक्यातच आलं नाही की त्यांना आटे आहेत. त्या भोकांत दोन बोल्ट घालायचे आणि फिरवत जायचं, बोल्टचं टोक मागच्या हबला टेकतं आणि ड्रमला बाहेर ढकलतं. गाडी बनवणाऱ्यानेच तोड करून ठेवलीय. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांना ही भोकं असतात, तुमच्या गाडीला आहेत का ते हातोडी घ्यायच्या आधी बघा.

चाचा म्हणाले आठ का बोल्ट. मंगळवारी घराजवळच्या हार्डवेअरमधे जाऊन 8 नंबरचे बोल्ट मागितले, त्याने दिले, घरी आणले तर भोकात नुसते खुळखुळतात. का? कारण दुकानदाराने 8 नंबरचा पाना ज्याच्या डोक्याला लागतो तो बोल्ट दिला, तो जाडीला फक्त 5 एमएम असतो. मला हवा होता 8 एमएम जाडीचा, त्याच्या डोक्याला 12 किंवा 13 चा पाना लागतो. परत गेलो तर त्या जाडीचे होते पण अर्धेच आटे असलेले, आणि लांबीला आखूड. शेवटी गुरुवारी ऑफिसमधून लवकर निघून मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली, तिथे माणूस विचारतो जाडी किती, लांबी किती, आटे पूर्ण की अर्धे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) किती. 8 एमएम, लांबी 40, पूर्ण आटे, पिच सव्वा. हे एवढं वाक्य पाठ करून जा. किंमत इतकी कमी की त्याने सुट्ट्यांसाठी तोंड वाकडं केलं.

शनिवारी रात्री पार्किंगमधे टॉर्च तोंडात धरून बसलो. आधी मागच्या पत्र्यातलं रबरी बूच काढून आतली अ‍ॅडजस्टरची चक्री स्क्रूड्रायव्हरने सैल केली म्हणजे लायनर आत सरकले (हे तिसरं कुलूप). मग दोन्ही बोल्ट हाताने टेकवले आणि पान्याने याला अर्धा फेर, त्याला अर्धा फेर. एकच बोल्ट जोरात फिरवायचा नाही, ड्रम तिरका होऊन जास्तच बसतो, तडकूही शकतो. पाचव्या की सहाव्या फेऱ्याला आतून टक् असा आवाज आला, बारीकच, आणि ड्रम आणि हबच्या मधे केसाएवढी काळी रेघ दिसली. त्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसलो होतो सांगता येत नाही. मग हाताने ओढला आणि आला बाहेर, मांडीवर लाल भुकटी सांडली. ती भुकटी फुंकू नका, नाकातोंडात जाते, ओल्या फडक्याने पुसा.

आता एवढं सगळं टीव्हीवर दाखवलं तर कोण बघेल हे मला कळतं. एका माणसाचं बोल्ट आणायला तीनदा जाणं म्हणजे करमणूक नाही. पण एड चायनाने 2017 ला व्हीलर डीलर्स सोडलं ते नेमकं याच भांडणावर, चॅनलला वर्कशॉपचा भाग कमी करायचा होता, करायला फार किचकट पडतो म्हणून, आणि तो म्हणाला मग मला यात रस नाही. तेव्हा मला वाटलं होतं जरा ताठाच आहे याला. शनिवारी रात्री तोंडात टॉर्च धरून माझं मत बदललं. नुसती जत्रा परवडली, तिथे आपण हत्यार घेऊन जात नाही. शिकवल्याचा भास करून अडलेली जागा कापणारे शो आपल्याला रविवारी सकाळी घोडीखाली बसवतात. अमेरिकेतल्या कार टॉकचे ते दोघे मॅग्लिओझी भाऊ तर रेडिओवर होते, हात लावायला गाडीच नाही, लोक फोनवर तोंडाने गाडीचे आवाज काढायचे आणि हे खदाखदा हसायचे, पण ते जुन्या श्रोत्याला परत बोलावून विचारायचे की आम्ही सांगितलेलं बरोबर निघालं का. टीव्हीवाला कधी विचारतो, ड्रम निघाला का म्हणून?

बाकी लायनर बसवणं सोपं गेलं. एका वेळी एकच बाजू उघडा, स्प्रिंगा कशा होत्या ते दुसरी बाजू बघून कळतं, आणि फोटो काढा. एक स्प्रिंग उडून गटाराच्या जाळीवर थांबली, नशीब. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी 40 मिनिटांत झाली, तेव्हा सेक्रेटरी काका मुद्दाम दोनदा फिरकले. मी ड्रम काढून फरशीवर जरा आवाज करूनच ठेवला.

पासिंगचं काही सांगण्यासारखं नाही. रांग, चेसिस नंबर, कागद, झालं. ज्या हँडब्रेकसाठी मी आठवडा घालवला तो त्या साहेबांनी एकदा ओढून सोडला, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले. मला थांबवून सांगावंसं वाटत होतं की साहेब, अजून एकदा ओढा.

हां, आणि एक राहिलंच. ड्रम काढलेला असताना ब्रेकचं पेडल कोणाला दाबू देऊ नका, आतल्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि सगळं ऑइल खाली. मुलगा ड्रायव्हर सीटवर बसला असेल तर आधी त्याला आइस्क्रीमला पाठवा. मी नंतर पाठवला.