भोगीपासून उलट मोजलेली रोजनिशी

२५ सप्टेंबर, इंदूर

पाऊस ओसरला. ऊन परत चटके द्यायला लागलं आहे. आज बागेचं वेळापत्रक भोगीपासून मागे मोजत लिहायचं. भोगी १३ जानेवारीला (संक्रांत १५ ला आली तर १४ ला), म्हणजे हातात ११० दिवस. भाजी बाजारात मिळतेच, चोइथराम मंडीत तर ढिगाने. पण भोगीच्या पातेल्यात जे पडतं त्यातलं निम्मं तरी गच्चीवरचं असावं असं वाटत असेल, तर बी पेरायची वेळ भोगी ठरवते, आपली सवड नाही.

दोन गोष्टींची वेळ आत्ताच उलटून गेलेली असते. घेवडा (वाल-पापडी) आषाढात लावलेला हवा आणि वांग्याची रोपं ऑगस्टअखेर कुंडीत बसलेली हवीत. घेवड्याचा वेल पावसाळाभर नुसता पानांनी माजतो. त्यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं, दिवस लहान झाल्याशिवाय त्याला फूल येतच नाही. घाबरून खत घातलं की पानं आणखी वाढतात आणि फूल आणखी लांबतं. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत रात्रभर वेलावर पडत असेल तरीही तेच होतं, कारण वेलाला रात्र लहानच वाटते. मांडव गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घालावा तो यासाठी.

आज मातीचं काम. माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र नुसती वापरू नये. ओली झाली की फुगते, सुकली की विटेसारखी घट्ट होते आणि कडेने भेग पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. मिश्रण असं: काळी माती १ भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, भिजवलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, जाड वाळू अर्धा भाग. १२ इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. गाजराच्या कुंडीत खत निम्मं आणि वाळू दुप्पट.

२ ऑक्टोबर

गाजर पेरलं. लाल देशी जातच घ्यावी. केशरी विलायती गाजराला सुरुवातीपासून थंडी लागते, लाल गाजर ऑक्टोबरचं ऊन सोसतं आणि ९० ते १०० दिवसांत तयार होतं. कुंडी किमान १२ इंच खोल. बी पाव इंच खोल, ओळीत, वर चाळलेली माती आणि त्यावर ओलं गोणपाट. उगवायला १० ते १५ दिवस लागतात आणि तेवढ्या काळात वरचा थर एकदा जरी वाळला तरी उगवण अर्ध्यावर येते. सहाव्या दिवसापासून गोणपाट रोज उचलून बघायचं. कोंब दिसल्यावर ते तसंच राहिलं तर रोपं पिवळी आणि लांबुळकी होतात.

गाजराला दोन पाय फुटतात त्याची कारणं तीन: ताजं खत, मातीतला खडा, किंवा रोप उपटून दुसरीकडे लावणं. तिसरं तर करूच नये. रोपं दोन इंच उंच झाली की विरळणी करून दोन रोपांत दोन इंच अंतर ठेवायचं. जीव होत नाही उपटायला, पण न उपटल्यास शेवटी मिळतात त्या नुसत्या शेपट्या.

१० ऑक्टोबर

हरभरा. सोलाण्यांना (हिरव्या कोवळ्या दाण्यांना) साधारण ९० ते १०० दिवस लागतात, म्हणजे आज नाही पेरला तर भोगीला घाटे पोकळ निघतील. १२ इंची कुंडीत चार-पाच दाणे, दीड इंच खोल. कुंडीमागे मूठभर सोलाणे मिळतात, फार आशा धरू नये. तरी लावायचा, कारण त्याची कोवळी पालेभाजी बाजारात चांगली मिळत नाही. रोप महिन्याचं झालं की शेंडे खुडायचे. खुडल्याने बगलेतून फांद्या फुटतात, घाटे वाढतात आणि आंबटसर भाजी फुकट मिळते. फूल आल्यावर मात्र खुडू नये.

हरभरा मरतो तो बहुतेक पाण्याने. बोट दोन इंच खुपसावं, ओल लागली तर पाणी नाही. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि टाकी भरली की सगळ्या कुंड्यांवर पाइप फिरवायचा मोह होतो. हरभऱ्याच्या कुंड्या त्यासाठीच बाजूला ठेवाव्यात.

सोयाबीन नुकतंच निघालंय, त्यामुळे या दिवसांत आसपासच्या गावांत भुसा सहज मिळतो. कुंडीच्या तोंडावर दोन इंचाचा थर दिला की पाणी निम्मं लागतं. दिवाळीत घर बंद करून जाणाऱ्यांना याहून सोपा उपाय नाही. फक्त खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर बुंधा कुजतो.

२८ ऑक्टोबर

मटार, 'अर्केल' जात. आधी पेरण्यात शहाणपणा नाही, ऑक्टोबरच्या उन्हात रोपं मर लागून आडवी होतात. दाणे रात्रभर भिजवून, एक इंच खोल, दोन-दोन इंचांवर. काड्यांचा आधार पेरतानाच खोचायचा, नंतर खोचताना मुळं तुटतात.

चंपाषष्ठी

चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं आज परत ताटात. नैवेद्य साधाच: भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. भरताचं वांगं ४०० ते ५०० ग्रॅमचं, आकाराच्या मानाने हलकं आणि तकतकीत. चकाकी गेलेलं वांगं बियाळ आणि कडवट निघतं. तेलाचा हात लावून सुरीने तीन-चार ठिकाणी टोचायचं, नाहीतर आचेवर फुटतं. भाजल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवलं की साल अखंड सुटते. पाण्याखाली धरून साल काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. धुराचा सगळा वास मोरीत जातो.

वांग्याच्या झाडाचा एखादा शेंडा भर पाण्यात माना टाकतो, तेव्हा आत अळी असते. कोमेजलेल्या भागाच्या दोन इंच खालून कापून तो तुकडा पिशवीत बांधून टाकायचा. झाडाखालीच टाकला तर अळी तिथल्या मातीत कोष करते आणि पुढच्या पिढीचा पतंग फळांवर येतो. भोगीसाठी हवी ती लहान काटेरी वांगी डिसेंबरच्या मध्यापर्यंत धरलेली पाहिजेत. त्यानंतरच्या गार रात्रींत फूल गळतं आणि धरलेलं फळही हळू पोसतं. कुंडी पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला टेकवली की ती ऊब रात्री झाडाला मिळते.

७ डिसेंबर

मेथी पेरली. एरवी २५ ते ३० दिवस पुरतात, या थंडीत पस्तीस धरावेत. कोथिंबीर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरून झाली. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, त्यामुळे न रगडता पेरले तर पुंजके उगवतात.

२६ डिसेंबर

ढगाळ हवा, आणि घेवड्याच्या तुऱ्यांवर काळा मावा. पहिला उपाय पाण्याचा जोराचा फवारा. दोन दिवसांत परत दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ५ मिली सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. ढालकिडे फिरत असतील तर थांबावं, ते मावा खातात. मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त, कारण मुंग्या ढालकिड्यांना हुसकतात.

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा चार-पाचवर आला की माळव्यात पाला (गोठलेलं दंव) पडतो. हरभऱ्याची फुलं आणि मटाराच्या कोवळ्या शेंगा त्यात जातात. अशा संध्याकाळी माती हलकी ओली करायची (ओली माती उष्णता धरून ठेवते) आणि काड्यांवर जुनं धोतर किंवा चादर पसरायची, पानांना न टेकवता. सकाळी ऊन आल्यावर काढायची. प्लॅस्टिक पानाला चिकटतं आणि तिथेच पान जळतं.

गाजराची डोकी मातीवर आली असतील तर माती ओढून झाकावीत. उघडी राहिली की हिरवी आणि कडू होतात.

११ जानेवारी

बाजरी दळून आणली, किलोभर. इथल्या मराठी घरांत गव्हाचंच राज्य. बाजरी वर्षातून चार वेळा, म्हणून डब्यात उरलेलं पीठ नेहमी जुनं असतं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं आणि भाकरीचा दोष विनाकारण हातावर येतो. तीळ सियागंजातून (इंदूरच्या किराणा बाजारातून) आणलेले असले तरी निवडायचेच, त्यात खडा असतो.

भोगी

सहा माणसांसाठी: लहान वांगी २५० ग्रॅम, पापडी १५०, गाजर १५०, सोलाणे १००, मटार १००, चार तास भिजवलेले शेंगदाणे ५०, एक बटाटा, सहा-सात बोरं, उसाचे पाच-सहा करवे. तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद. आधी दाणे, सोलाणे आणि पापडी, दोन वाट्या कढत पाणी, झाकण ठेवून आठ मिनिटं. मग गाजर-बटाटा, पाच मिनिटं. मग वांगी, मटार, बोरं, ऊस. वांगी शिजली की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ. शेवटी भाजलेल्या तिळाचं तीन मोठे चमचे कूट आणि दोन उकळ्या.

क्रम मोडला की भाजी बिघडते. चिंच आधी घातली तर आंबटपणामुळे सोलाणे आणि पापडी कितीही उकळली तरी टणक राहतात. तीळकूट आधी घातलं तर ते तळाला धरतं. गार पाणी ओतलं की शिजणं थांबतं. कुकरचा तर विचारच नको, पहिल्या शिट्टीला वांग्यांचा लगदा होतो. तीळ मंद आचेवर, फुटायला लागले की लगेच ताटात काढायचे. तापलेल्या कढईत राहिले तर भाजणं चालूच राहतं आणि कडवटपणा साऱ्या भाजीला लागतो. आणि हो, तळलेल्या गराडूवर (माळव्यातला कंद) जिरावन (इंदुरी चटपटीत मसाला) हवंच, पण भोगीच्या भाजीत जिरावन घालणारं घर दिसलं तर त्यांना हळूच सांगावं.

भाकरीला पीठ कढत पाण्याने मळायचं. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नाही, तो गरम पाण्याने आणि तळहाताच्या रगड्याने आणावा लागतो. एका वेळी एकाच भाकरीचं मळावं. कडा चिरल्या तर मळणं कमी पडलं. थापताना वरच्या बाजूला तीळ दाबायचे, तव्यावर टाकल्यावर तिळाच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते वाळायच्या आत उलटायचं. पाणी पूर्ण वाळलं तर भाकरी तडकते, फुगत नाही. सोबत मुगाच्या डाळीची सैल खिचडी आणि लोणी. याहून जास्त पदार्थ करू नयेत, उद्या गुळाच्या पोळ्या आहेत.

१७ जानेवारी

हरभरा आणि मटार संपले की झाडं उपटायची नाहीत, मातीलगत कापायची. मुळांवरच्या गाठी कुजून पुढच्या पिकाला नत्र देतात. त्याच कुंड्यांत दुधी, काकडी आणि भेंडी, पण आज नाही. रात्री इतक्या गार असताना हे बी मातीत कुजतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बी पेरायचं, तोवर माती उलटून उन्हात ठेवायची. घेवड्याच्या वेलावर दोन-तीन शेंगा बियाण्यासाठी तशाच वाळू द्यायच्या. आषाढात लागतील.