आजोबांचा दाखला

२०१६ च्या दसऱ्याच्या सुमारास सातारा जिल्हा परिषदेच्या गटांची, म्हणजे मतदारसंघांची, आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा गट नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या (ओबीसी) महिलेसाठी सुटला. बातमी आधी आमच्या यांच्या फोनवर आली. यांचं दूध संकलन केंद्र आहे, संध्याकाळी तिथं चार माणसं टेकतात. त्या चौघांनी रात्रीपर्यंत तीन नावं काढली. तिन्ही बायकाच, पण बाईचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. अमक्याची मंडळी, तमक्याची सून, भाऊंची भावजय. चहा घेऊन गेले तेव्हा मी म्हटलं, "मला उभं राहायचंय." सगळे गप्प झाले. यांनी कप हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "कागद हायत का तुझं?"

त्या प्रश्नाचं उत्तर गोळा करण्यात पुढचे साडेतीन महिने गेले. ज्यांना उभं राहायचं आहे त्या बायांसाठी हे सगळं लिहिते आहे, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा पक्षाच्या महिला आघाडीत अकरा वर्षं होते. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या लागल्या, तेव्हा सात वाड्यांच्या टँकरच्या खेपांची वही माझ्याकडे असायची. आघाडीच्या शिबिरांत बरंच शिकवलं होतं. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या, हे मला पाठ होतं. पण मागास प्रवर्गाच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या बाईला जातीचा दाखला सासरच्या कागदांवर मिळत नाही, तो बापाकडूनच काढावा लागतो, हे एकाही शिबिरात कुणी बोललं नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असोत, मुलं नोकरीला लागलेली असोत, सेतूच्या, म्हणजे दाखले काढून देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो माहेरचा. आणि पुरावा लागतो जुना. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आम्ही माळी. माझा जन्म ६७ नंतरचा. वडिलांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आजोबांनीही नाही.

माझं माहेर वाई तालुक्यात. भाऊबीजेला गेले तेव्हा ओवाळून झाल्यावर मी दादाकडे वंशावळ आणि जुना सातबारा मागितला. त्याचा चेहराच उतरला. वहिनी ताट घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. रात्री आई हळूच म्हणाली, "वाटणी मागायला आलीस असं वाटतंय त्याला."

मी हक्कसोडपत्रावर सही करून बारा वर्षं झाली होती. वडील गेल्यावर वर्षाच्या आत आम्हा दोघी बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं होतं. सह्या झाल्या, अंगठे झाले, येताना साडी घेतली. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, भावाच्या घरचा पाय तुटू नये एवढंच मनात होतं. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. सकाळी दादा धारेला उठला तेव्हा गोठ्यात जाऊन म्हटलं, "दादा, शेताचं काही नाही. आजोबांचा कागद पाहिजे, निवडणुकीला." तो बराच वेळ धार काढत राहिला. मग म्हणाला, "आपल्या आज्याचा भाऊ चार यत्ता शिकला होता म्हणतात. शाळेत बघू." दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्याच्याच मोटारसायकलवर बसून आम्ही गेलो.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात सगळ्यात खाली होतं, पानं कुरतडलेली. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः बसून दोन तास शोधलं. चुलत आजोबांची नोंद सापडली १९३९ सालची, जातीच्या रकान्यात 'माळी'. पण ते माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ, हे कशावरून? त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ ची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल काढली. ती मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी साताऱ्यात मिळाले. त्यांनी भिंगाखाली धरून ओळ वाचली आणि बोट ठेवलं. पणजोबांचं नाव, त्याखाली दोन मुलगे. दादा शेजारी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्याच दिवसांत हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या. सेतू, झेरॉक्स, नकलांची फी, एसटी, सगळीकडे सुटे पैसे लागायचे, आणि शंभराची नोट कुणाकडे नव्हती. बचत गटातल्या बायांनी आपापल्या शंभर-पन्नासच्या नोटा मला बदलून दिल्या आणि पाचशेच्या स्वतःकडे घेऊन त्या बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. हे उपकार मी विसरणार नाही.

पुढची अडचण नावाची. शाळेत माझं एक नाव आहे. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं लिहिलं. तेव्हा सगळे हसत होते, मीही लाजले होते. आता शाळेच्या दाखल्यावर आणि जातीच्या प्रमाणपत्रावर एक बाई, मतदार यादीत आणि रेशन कार्डावर दुसरी. त्या दोघी एकच आहेत हे सरकारला पटवायला विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात एवढं लागलं. विवाह नोंदणी आम्ही कधी केलीच नव्हती. भटजी वारलेले, पत्रिका हरवलेली. सासूबाईंनी ट्रंकेतून लग्नातला एक फोटो काढून दिला, त्यावर काम झालं. मुलीचं लग्न झालं की महिन्याच्या आत नोंदणी करा आणि तिचं नाव बदलू नका, हे मी आता हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला सांगते.

बाकीचे कागद सोपे, पण तेही आधीपासून गोळा करावे लागतात. घरात शौचालय आहे आणि वापरात आहे याचा ग्रामपंचायतीचा दाखला. थकबाकी नसल्याचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झालेली नाहीत याचं घोषणापत्र. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. जातवैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि सहा महिन्यांत प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र.

एक कागद मात्र जड गेला. मालमत्तेचं शपथपत्र. सायबर कॅफेतला मुलगा एकेक रकाना वाचत होता आणि मी सांगत होते. शेतजमीन? घर मामांजींच्या नावावर, शेत यांच्या. त्यानं टाइप केलं, निरंक. बिगरशेती जमीन, निरंक. घर, निरंक. वारसाहक्कानं मिळालेलं, निरंक. मंगळसूत्र, दोन पाटल्या, बचत गटातले साडेचार हजार. माझी मावशी १९८६ साली शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला चांदवडला गेली होती. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, तेव्हा मावशीच्या नावावर वीस गुंठे झाले. ती सातबारा घडी घालून पोथीत ठेवायची. मला ते तेव्हा उगाच वाटायचं. त्या दिवशी कॅफेत बसून कळलं. वीस वर्षं मी दोन्हीकडच्या शेतात खुरपलं होतं आणि लिहून द्यायला माझ्याकडे एक गुंठा नव्हता.

जानेवारीत आचारसंहिता लागली आणि एका मंगल कार्यालयात पक्षाच्या मुलाखती झाल्या. टेबलामागं सात जण, त्यात एक बाई, त्या शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. मला विचारलं ते असं: मिस्टरांची तयारी आहे का? किती खर्च कराल? बूथ कोण लावेल? भावकी किती मतांची? मी टँकरची वही बरोबर नेली होती. कुणी उघडली नाही. अकरा वर्षांत तिथला प्रत्येक माणूस मला 'वहिनी' म्हणत आला होता, म्हणजे यांची बायको. त्या दिवशी पहिल्यांदा ते कानाला लागलं.

उमेदवारी माझी नव्हतीच. एका साखर कारखान्याच्या संचालकांच्या सूनबाईंचं नाव आधीच ठरलं होतं. मुलगी शिकलेली, चांगल्या स्वभावाची. तिला उभं राहायचं आहे का, हे तिला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. पण तिचं माहेर बेळगाव जिल्ह्यातलं. लग्न होऊन ती साताऱ्यात आली तरी जातीच्या दाखल्यासाठी तिचे वडील-आजोबा १९६७ च्या आधी महाराष्ट्रातले असायला हवेत, आणि ते होते कर्नाटकातले. सीमेवरच्या आपल्या कितीतरी सुनांचं हे असंच होतं. एवढी मोठी माणसं, पण तिची फाईल शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी उघडून पाहिलीच नव्हती. बाकीच्या दोघींचेही कागद अर्धवट होते.

म्हणून मला तिकीट मिळालं. माझ्या कामासाठी मिळालं असतं तर मला जास्त आनंद झाला असता, हे मी लपवत नाही. त्या सूनबाई नंतर माझ्या प्रचाराला आल्या. गाडीत एकदा म्हणाल्या, "ताई, माझ्या घरात मला कुणी विचारलंच नाही, की बाई, तुझे कागद कुठले." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत मी आदल्या दिवशीच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे दिली होती. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा आमचाच उमेदवार असं पक्ष लिहून देतो ते दोन कागद, मात्र शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला नाही, तर उमेदवार पक्षाचा राहत नाही. अडीचला तालुक्याचे पदाधिकारी गाडीतून उतरले आणि पाकीट यांच्या हातात दिलं. "घ्या दादा, झालं काम." यांनी ते न उघडता माझ्याकडे दिलं. पायरीवर उभं राहून मी दोन्ही फॉर्म पाहिले. सही शाईची आहे ना, झेरॉक्स नाही ना, गटाचा क्रमांक बरोबर आहे ना, नाव मतदार यादीतल्यासारखंच आहे ना. शेजारच्या टेबलावर एका बाईचा नवरा तिचा अर्ज भरत होता आणि ती दारात उभी होती. मी तिला आत बोलावून त्याच्या शेजारी बसवलं.

प्रचाराचं फार सांगत नाही. खात्यातून आठवड्याला २४ हजारांवर रक्कम काढता येत नव्हती, त्यामुळे पैशाचा खेळ इतर वेळेपेक्षा थोडा आटोक्यात राहिला. हळदीकुंकवाचे दिवस होते. वाण दिलं तर आमिष धरलं जाईल म्हणून फक्त तिळगूळ दिला, आणि टँकरची वही प्रत्येक वाडीत वाचून दाखवली. २१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झालं, २३ ला मोजणी. मी ४७३ मतांनी निवडून आले. तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशोब दिला, प्रत्येक बिलावर माझी सही. वैधता प्रमाणपत्र जुलैत मिळालं. ज्यांनी मुदतीत ते दिलं नाही अशा निवडून आलेल्या बायकांची सदस्यत्वं पुढं गेली. कागद राहिला तो घरच्या पुरुषांच्या हलगर्जीपणानं, पण नाव गेलं बाईचं.

पाच वर्षं मी सभागृहात बोलले, भांडले, पाण्याच्या दोन योजना मार्गी लावल्या. पण पक्षाच्या बैठकीत पुढच्या रांगेत बसायला मला तिसरं वर्ष उजाडलं. विधानसभेच्या वेळी तर आमच्या मुलाखतीही झाल्या नाहीत. तिथं आरक्षण नाही, म्हणून कुणाची फाईल तयार आहे हे पाहण्याची वेळच पक्षांवर येत नाही. २०२४ मध्ये २८८ आमदारांत बाया आल्या २१. त्याआधी २०१९ ला २४ होत्या. २०२३ मध्ये संसदेनं लोकसभा-विधानसभेच्या आरक्षणाचा कायदा केला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला. आणि आमची जिल्हा परिषद २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर प्रशासकाच्या हाती गेली. तीन वर्षं उलटली तरी निवडणूक नव्हती. सभागृहच नसलं की अर्ध्या जागा कुठून येणार?

त्या काळात शेजारच्या गणातली, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातली, एक बाई माझ्याकडे आली. अंगणवाडी मदतनीस होती, ते काम सोडून तिला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं, "आजोबा कुठल्या शाळेत होते?" तिला माहीत नव्हतं. माहेर कोरेगावकडे, भाऊ एकटाच, शेत दीड एकर. सोमवारी आम्ही दोघी जायचं ठरवलं. तिच्या भावाला मी आदल्या रात्री फोन केला आणि आधीच सांगून टाकलं, दादा, शेताचं काही नाही.