डांगी गाईचे दूध आणि चीजची कसोटी

घोटीच्या पुढे भातखाचरांच्या कडेला राहणाऱ्या एका पशुपालकाकडून मी अधूनमधून डांगी या देशी जातीच्या गाईचे दूध आणते आणि नाशिकला पोहोचेपर्यंत ते बर्फाच्या पेटीत जपते, कारण मला त्याचे चीज करायचे असते. पहिल्या वेळी त्यांच्या घरच्यांनी दूध नासू नये म्हणून काळजीने उकळी काढून दिले होते. मी ते कोमट करून त्यात रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे विकर, घातले आणि तासभर वाट पाहिली. पण सुरीने कापता येईल अशी वडी धरण्याऐवजी पातेल्यात सैल लगदाच राहिला. त्यात गाईचा काहीच दोष नव्हता. दूध उकळले की निवळीतील (दूध साकळल्यावर सुटणाऱ्या पाण्यातील) बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाच्या कणांवरील कप्पा-केसीनला जाऊन चिकटते, आणि रेनेटला नेमके तेच कप्पा-केसीन कापायचे असते. लिंबाच्या रसाने पनीर करताना ही अडचण येत नाही, कारण तेथे दूध आम्लाने फाटते. आता मी कच्चे दूध आणून ते ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवते. त्यामुळे क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात, पण दुधाची साकळण्याची ताकद बहुतांशी शिल्लक राहते.

या फसलेल्या पातेल्यामुळे मी एका प्रश्नापाशी येऊन थांबले, आणि तो मला अजून सोडत नाही: आपल्या स्थानिक गाईंचे दूध चीजसाठी कसे आहे, हे आपण कधी मोजले आहे का? संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) पाहून भाव ठरतो, आणि गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही ओळख आता प्रत्येक गोठ्यात पाठ झाली आहे. पण एसएनएफ या एका आकड्यात दुग्धशर्करा, क्षार आणि सर्व प्रथिने एकत्र मिसळलेली असतात. चीज मात्र मुख्यतः केसीनच्या जाळ्यातून उभे राहते; त्या जाळ्यात स्निग्धांश अडकतो, आणि शर्करा व निवळीतील प्रथिने बहुतेक वाहून जातात. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, पण हे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही. कासदाह झालेल्या गाईच्या दुधात केसीनचा वाटा घटतो, दूध किंचित खारट लागते आणि वडी कमजोर धरते. एसएनएफ सारखेच असलेल्या दोन कॅनमधून म्हणूनच वेगवेगळ्या वजनाचे चीज निघू शकते, आणि भाव मात्र दोन्हींना एकच मिळतो. मला ही पद्धत अन्यायाची वाटते.

डांगीच्या दुधात फॅट साधारण ४.३ टक्के असते, म्हणजे होल्स्टीन या विदेशी गाईच्या साधारण ३.५ टक्क्यांपेक्षा बरेच अधिक. पातेल्यावर झुकले की बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्यामुळे आलेली पिवळसर झाक दिसते, जी म्हशीच्या दुधात नसते. मात्र फॅट जास्त म्हणून दूध चीजला चांगले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कप्पा-केसीनचे ए आणि बी असे दोन प्रमुख प्रकार आहेत. बी प्रकारच्या दुधात केसीनचे कण लहान असतात, ते लवकर साकळते आणि वडी घट्ट होते. जर्सी गाईंमध्ये बी मोठ्या प्रमाणात सापडतो, तर वशिंडाच्या भारतीय गोवंशांवरील अभ्यासांत बहुधा ए अधिक आढळला आहे. शहरात ज्या ए-२ शब्दावर देशी दुधाची बाटली महाग विकली जाते, तो बीटा-केसीन या केसीनच्या दुसऱ्या घटकाचा प्रकार आहे. त्याने चीज चांगले होते असे नाही, उलट युरोपातील गाईंवरील काही अभ्यासांत ए-२ दूध सावकाश आणि मऊ साकळताना दिसले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-१, ए-२ हे दावे वेष्टनावरून काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. पण चीज करणाऱ्याला त्या अक्षरांपेक्षा साकळण्याचा वेळ आणि वडीचा घट्टपणा अधिक सांगून जातो.

माझ्या पातेल्यात डांगीची वडी मऊ धरते. साकळायला मदत करणारे थोडे कॅल्शियम क्लोराइड घातले आणि कापण्याची घाई केली नाही, तर ती नीट कापली जाते. ताज्या, दाबून निथळवलेल्या चीजला ती पुरेशी आहे. महिनोन्‌महिने मुरवण्याच्या कठीण चीजविषयी मी अजून काही म्हणणार नाही.

अडचण दुधाच्या प्रमाणाची आहे. “ताई, आमची गाय दुधाची नाही, बैलाची,” असे ते पशुपालक मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि ते खरे आहे. इगतपुरीच्या मुसळधार पावसात चिखलणीला टिकणारा, कातडीला तेलकटपणा असलेला बैल देणारी ही जात एका वेतात सरासरी सुमारे ५०० किलो दूध देते, आणि त्यातले वासराचे आधी. एक किलो चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते, म्हणजे एका वेळच्या चीजसाठी मला चार-पाच गाईंचे दूध एकत्र करावे लागते, आणि मग कोणत्या गाईचे दूध कसे साकळले हे कळतच नाही.

म्हणून या वेळी मी त्यांना एकाच गाईचे दूध वेगळे द्यायला सांगितले आहे. ती दिवाळीनंतर विणार आहे. चिकाचे दिवस संपले आणि वासराचे पोट भरले की उरेल तेवढे, अर्धा लिटर का होईना, मी घेईन. आणि रेनेट घातल्यापासून वडी धरेपर्यंतची मिनिटे व निथळलेल्या चीजचे वजन त्या गाईच्या नावापुढे लिहून ठेवीन.