चार ग्रॅम सुतळी

परवा दुपारी पोस्टात काउंटरवरच्या मुलीने माझी कादंबरी काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, तीनशे तीन होतंय." आता घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर (लेकीने केकचं खूळ घेतलं होतं तेव्हा आणलेला, केक दोनच झाले) नुसतं पुस्तक 281 भरलं होतं, ब्राऊन पेपर, चिकटपट्टी, आतली पावती सगळं धरून 299. म्हणजे वरचे चार ग्रॅम निव्वळ सुतळीचे. ज्ञान पोस्टला, म्हणजे टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त सेवेला, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक टॅक्स, आणि त्याच्यावर गेलं की पुढचा दर. मुलगी गुणी होती, म्हणाली, "सोडा ना सुतळी, टेप आहे की चारी बाजूंनी. आजकाल कोण बांधतं सुतळी?"

मी सोडली नाही. वरचे पैसे दिले आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच भांडत होते की एवढं काय त्या सुतळीचं, एका प्रतीमागे तसेही उरतात किती.

लोकांना वाटतं कादंबरी लिहिणारी बाई म्हणजे खिडकीशी बसून चहा पीत लांब कुठेतरी बघत असणार. माझ्या खिडकीत पुस्तकांचे गठ्ठे आहेत त्यामुळे लांबचं काही दिसत नाही. 500 प्रती छापल्या, 25 चा एक याप्रमाणे 20 गठ्ठे, त्यातले 11 दिवाणात मावले आणि पाहुणे आले की गाद्या काढायच्या म्हणजे आधी वाङ्मय बाहेर काढावं लागतं. लिहिणं होतं सकाळी साडेपाच ते सात, सोसायटीचं पाणी यायच्या आत. तेही रोज नाही. बाकी दिवस हा दुकानदारीचा. कोणी पैसे पाठवले ते बघायचं, कोणी स्क्रीनशॉट पाठवलाय पण पत्ता नाही त्यांना पत्ता मागायचा, मग ते "लोकेशन पाठवते" म्हणतात, त्यांना सांगायचं की पोस्टमनला लोकेशन चालत नाही हो, पिनकोड द्या. आठवड्यातून एकदा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकांच्या दोन दुकानांतून "संपल्या का प्रती" असं अगदी सहज, म्हणजे दुसऱ्याच कामाला आले होते असं दाखवून विचारायचं. संपलेल्या नसतात. संपल्या तर 350 च्या पुस्तकावर 40 टक्के त्यांचे, त्यात त्यांचं काही चुकत नाही, जागेचं भाडं आहे, माणसं आहेत. पण परत येताना मी रिक्षा करत नाही.

सगळं आपणच करायचं ठरवलं की माणसाला कायकाय कळतं. फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा) 16 पानांचा असतो हे कळलं, म्हणजे 240 पानांचे 15 फर्मे, आणि 241 वं पान लिहिलंत तर पुढची पंधरा कोरी तरी सोडा नाहीतर शेवटच्या प्रकरणातून पानभर मजकूर कापा. मी कापला. समीक्षक म्हणतील शेवट संयत आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो हे कळलं, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी देते, फक्त फॉर्मवर प्रकाशकाचं नाव हा रकाना असतो आणि तिथे येऊन मी तीन दिवस अडले होते. शेवटी आजोबांच्या किराणा दुकानाचं नाव टाकलं. 1954 च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची हेही कळलं, ती पाठवली, आणि कोलकात्यातल्या कुठल्यातरी फडताळात माझं पुस्तक आहे या विचाराने मला चांगली झोप लागते. युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या फाँटमध्ये गेला की 'दुसऱ्या' मधला अर्धा र कुठे पळून जातो ते मात्र अजून कळलेलं नाही. पाच वेळा प्रूफं तपासली. पहिली छापील प्रत हातात आली, उघडली, आणि समोर वाक्य आलं, "पतीच्या विनियोगाने ती पार खचून गेली." वियोग. वियोग होतं ते.

तर सुतळी.

आजोबांचं दुकान वाईला होतं. छताच्या हुकाला सुतळीचं बिंडळ उलटं टांगलेलं असायचं आणि त्याचं टोक आजोबांच्या कपाळासमोर लोंबत असायचं, ते न बघता हात वर करून ओढायचे, पुडीला दोन वेढे, एक फास, आणि अंगठ्याभोवती घेऊन असा काही झटका द्यायचे की सुतळी तुटायची. कात्री नाही, दात नाही. मी वर्षानुवर्षं ते करून बघितलं, अंगठा कापला जातो पण सुतळी तुटत नाही. आणि पुडी बांधायच्या आधी एक गंमत असायची. पुडीचा कागद काट्यात ज्या बाजूला माल तिकडे ठेवायचे तर तसलाच एक कागद वजनांच्या बाजूलाही टाकायचे. गिऱ्हाइकाला कागद मोहरीच्या भावाने जाता कामा नये. बाजारात बाकी कोणी करत नव्हतं हे, आजी चिडायची की कागदाचं वजन ते काय. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की मी काउंटरवर उभी राहून आजीसारखी चिडले आणि आजोबांसारखे पैसे दिले.

पुड्यांचे कागद रद्दीचे. वर्तमानपत्रं, पोरांच्या वह्या, आणि कधीकधी एखाद्या वाचनालयाने काढून टाकलेल्या जाडजूड कादंबऱ्या, ज्यांची पानं आजोबा शिवणीतून हलकेच सुटी करायचे. मी मे महिन्यात गल्ल्यामागे पोत्यावर बसून ती वाचायची. क्रमाने मिळायची नाहीत. एका पानावर एक बाई रात्री विहिरीकडे निघालेली होती, हातात कंदील नव्हता, मागून कोणीतरी हाक मारली आणि पान संपलं. मी सगळी चळत उपसली. आजोबांना विचारलं, पुढचं पान कुठाय? ते कोणाला तरी हिशेब सांगत होते, म्हणाले, "ते शेंगदाण्यात गेलं."

शेंगदाणे कोणी नेले तेही त्यांना आठवत होतं, सोनगीरवाडीच्या एक बाई. मी त्यांच्याकडे जाऊन कागद मागायच्या बेतात होते पण आईने जाऊ दिलं नाही. ती विहिरीकडे जाणारी बाई आज पंचेचाळीस वर्षं तशीच उभी आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' काढलं, स्वतःचं साप्ताहिक, आणि त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने दिल्या. त्यांच्या वाचकांना निदान आठवड्याने तरी कळायचं पुढे काय झालं. (स्वतःच छापा आणि स्वतःच खपवा हे काही आमच्या पिढीचं नवीन नाही एवढंच मला म्हणायचं होतं, नवऱ्याला हे मी बऱ्याचदा सांगते.)

सुतळी मी कापत नाही. कोणाकडूनही आलेली असो, गाठ नखाने सोडवते, बोटांवर गुंडाळते आणि बिस्किटांच्या डब्यात टाकते. घरात सगळे हसतात. पार्सलवर टेप असली तरी वरून सुतळीचा उभाआडवा वेढा असल्याशिवाय मला ते पार्सल वाटतच नाही. पूर्वी असं बांधून रजिस्टर्ड बुकपोस्टने पाठवलं की झालं. ती सवलत डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांची चांगलीच पंचाईत झाली होती, मग 2025 च्या 1 मे ला हे ज्ञान पोस्ट आलं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे अशी अट आहे. म्हणजे किराणा दुकानाचं नाव असं कामाला आलं. माझ्या कादंबरीत ज्ञान किती हे सुदैवाने कोणी विचारलं नाही.

हे सगळं आठवायचं खरं कारण ते काउंटरवरचे चार ग्रॅम नाहीत, गेल्या आठवड्यातला मिरजेचा फोन आहे. एक आजोबा. म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात पान 128 नंतर परत 113 येतंय." मला दरदरून घाम. बाइंडिंगमध्ये आठवा फर्मा दोनदा लागला आणि नववा राहिला, अशा किती प्रती गेल्या असतील कोण जाणे. त्यात आठव्या फर्म्यात नायिकेचा सासरा मरतो. म्हणजे त्या प्रतीत तो दोनदा मेला. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "नाही हो, मला वाटलं हल्ली असंच लिहितात. दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं."

नवीन प्रत पाठवते म्हटलं. नको म्हणाले, तेवढ्यासाठी कशाला खर्च, मधल्या सोळा पानांत काय झालं ते सांगा फक्त, तोंडी.

मी ओट्याशी उभी होते. एका हाताने गॅस बारीक केला आणि सांगायला लागले. 129 पासून. नदीचं अडीच पानी वर्णन आहे, ते राहूनच गेलं, माझ्या लक्षातही आलं नाही. वाटण्यांचा प्रसंग सांगितला. तो लिहायला मला दोन महिने लागले होते, फोनवर चार मिनिटांत झाला आणि झालाही बरा. मधेमधे ते "अरेरे" म्हणत होते, एकदा "थांबा, हिला बोलावतो" म्हणून बायकोला घेऊन आले, मग स्पीकरवर. मग तो दीर आला. तो पुस्तकात हलकट आहे, घराचा ताबा सोडत नाही. पण सांगता सांगता काय झालं माहीत नाही, त्या माऊलीने पलीकडून विचारलं, "मग गेला का हो तो घर सोडून?" आणि मी म्हटलं, गेला.

दूध उतू गेलं ते वेगळंच.

पुस्तकात तो जात नाही. 145 व्या पानावर तर तो ओट्यावर बसून चहा पितोय, ते त्या दोघांनी कसं जुळवून घेतलं असेल. नंतर फोन काही आला नाही. बाइंडरकडून मी नवव्या फर्म्याचे जास्तीचे सुटे कागद आणलेत, एक संच त्यांच्या नावाने पाकिटात घातलाय, पत्ता लिहिलाय, वरून सुतळीही बांधलीय. चार दिवस झाले, टेबलावरच आहे. उद्या टाकते. नाहीतर सोमवारी बघू.